बारा महिन्यांची वही



पाऊस ओसरला की घरातले आवाज कमी होतात. पत्र्यावरची टपटप थांबते, ओढ्याचं पाणी निवळतं, उन्हं लवकर कलू लागतात. काम संपलेलं नसतं, काढणी तर तोंडावर आलेली असते. तरीही दिवेलागणीला मनाला कसलीतरी हुरहुर लागते. मागच्या दसऱ्याला घरात असलेलं माणूस या दसऱ्याला नसतं. लेक सासरी गेलेली असते, मुलगा शहरात. ऋतू पालटला की मनही जागचं हलतं, हे आम्ही तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या हुरहुरीवर मुलखामुलखातल्या बायकांनी आपापला उतारा शोधला आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत श्रावण येतो, पंचमी येते, दिवाळीला न्यायला येणारा भाऊ येतो. दळण सरत जातं आणि मन हलकं होत जातं. आज आम्ही सांगणार आहोत ती हकिकत दूरच्या मुलखातली आहे, जर्मनीतल्या बर्लिन शहरातली. तिथल्या एका बाईनं १८४१ साली वर्षाच्या बारा महिन्यांवर पियानोच्या बारा रचना केल्या. त्या वहीचं नाव तिनं ठेवलं 'वर्ष', त्यांच्या भाषेत 'दास यार'. बाईचं नाव फॅनी हेन्सेल, माहेरचं आडनाव मेंडेल्सोन.

आम्ही रेडिओच्या खोलीत बसून या रचना ऐकल्या. त्यात शब्द नाहीत, त्यामुळे भाषा अडली नाही. पाण्याचा ओघ कळला, थंडीचा कडाका कळला, कुणीतरी गेल्याचं दुःखही कळलं. पण त्यांची माहिती वाचली तेव्हा एका गोष्टीपाशी आम्ही थांबलो. १८४१ मध्ये लिहिलेली ही सगळी वही छापून लोकांसमोर आली ती १९८९ साली. मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. असं का झालं, तेच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी पियानोबद्दल थोडं. भजनातली पेटी तुम्ही पाहिली आहे. पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या, एका हातानं भाता मारायचा, दुसऱ्या हाताची बोटं पट्ट्यांवर. ही पेटीसुद्धा मूळची युरोपातली. तिथं ती पायानं भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवत. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून वाजवता येईल अशी केली, आणि मग ती आपल्या देवळात आणि तमाशात घरच्यासारखी रुळली. पियानोच्या पट्ट्या तशाच दिसतात, पण तो चालतो वेगळ्या रीतीनं. त्यात हवा नसते, तारा असतात. पट्टी दाबली की आत एक छोटी, लोकर लावलेली हातोडी तारेवर पडते आणि लगेच मागे येते. पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो.

हे वाद्य इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं १७०० सालाच्या सुमारास बनवलं. त्याआधी त्या घाटाचं जे मोठं वाद्य होतं, त्यात तार टोचली जायची. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज साधारण तेवढाच निघायचा. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात बोटाचा जोर तारेपर्यंत पोचला. हळू दाबलं तर कुजबुज, जोरात दाबलं तर गर्जना. म्हणूनच नाव पडलं पियानो. इटालियन भाषेत पियानो म्हणजे हळू. पुढच्या शंभर वर्षांत युरोपातल्या खात्यापित्या घरांत हे वाद्य आलं, आणि मुलींनी ते शिकावं अशी रीत पडली. चार पाहुणे आले की मुलीनं दोन तुकडे वाजवून दाखवायचे. आपल्याकडे मुलगी बघायला आल्यावर भरतकाम दाखवत, त्यातलाच प्रकार.

फॅनीचा जन्म १४ नोव्हेंबर १८०५ रोजी हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील अब्राहम मेंडेल्सोन हे सावकारी पेढीचे मालक. आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे नामवंत ज्यू विचारवंत. चार भावंडांत फॅनी थोरली. तिच्यामागे फेलिक्स, मग रेबेका, मग पॉल. १८११ मध्ये हे कुटुंब बर्लिनला आलं. फॅनी आणि फेलिक्स या दोघांना एकाच घरात, त्याच गुरूंकडे शिकवणी मिळाली. तेरा वर्षांची असताना तिनं वडिलांच्या वाढदिवसाला बाख या थोर संगीतकाराच्या चोवीस रचना एकही कागद समोर न ठेवता वाजवून दाखवल्या. एवढ्या वयात हे करणं भल्याभल्यांना जमत नाही.

वडिलांना लेकीचं कौतुक होतं. पण जुलै १८२० मध्ये, ती चौदा वर्षांची असताना, त्यांनी तिला पत्र लिहून स्पष्ट कळवलं, की फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो नेहमी दागिनाच राहिला पाहिजे, जगण्याचा पाया होता कामा नये. पुढे तिच्या तेविसाव्या वाढदिवसाला त्यांनी पुन्हा बजावलं, की मुलीचा एकच पेशा, घर सांभाळणं. वडील दुष्ट नव्हते. त्यांनी शिकवणीवर पैसा ओतला होता. त्यांच्या थरातल्या घरात बाईमाणसानं लोकांपुढे वाजवून पैसे घेणं कमीपणाचं समजत. गरिबाची मुलगी गाऊन पोट भरू शकत होती, श्रीमंताच्या मुलीला ती मोकळीक नव्हती.

मग व्हायचं ते झालं. फेलिक्स देशोदेशी फिरला, त्याचं नाव झालं. फॅनी घरी राहिली आणि लिहीत राहिली. तिची सहा गाणी छापली गेली, पण फेलिक्सच्या दोन पुस्तकांत, त्याच्याच नावाखाली. १८४२ साली फेलिक्स लंडनला गेला असताना राणी व्हिक्टोरियानं त्याच्या पुस्तकातलं आपलं आवडतं गाणं त्याला गाऊन दाखवलं. ते गाणं फॅनीचं होतं. फेलिक्सनं तिथल्या तिथं कबूल केलं, की हे माझ्या बहिणीचं. म्हणजे इंग्लंडची राणी जिचं गाणं गात होती, ती बाई बर्लिनमध्ये आपल्या घरात होती, आणि पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. बहीणभावाचा जीव एकमेकांवर होता, यात शंका नाही. फेलिक्स आपल्या रचना तिला दाखवल्याशिवाय पुढे जात नसे. पण तिनं स्वतःच्या नावानं छापावं, हे त्यालाही नको होतं. १८३७ मध्ये आईनं गळ घातली तेव्हा त्यानं उत्तर दिलं, की ती घरसंसाराची बाई आहे, छापण्याचा आग्रह मी तिला करणार नाही. तिनं स्वतः ठरवलं तर मदत करीन.

ऑक्टोबर १८२९ मध्ये फॅनीचं लग्न विल्हेल्म हेन्सेल या चित्रकाराशी झालं. लग्नात वाजवायची रचना फेलिक्स पाठवणार होता, पण लंडनमध्ये त्याला अपघात झाला आणि ती आली नाही. तेव्हा नवऱ्या मुलीनं आदल्या रात्री बसून आपल्या लग्नाचं संगीत स्वतः लिहिलं. नवरा समजूतदार मिळाला. त्याला सुरांचं फारसं ज्ञान नव्हतं, पण बायकोनं लिहावं, आणि छापावं, असं त्याला मनापासून वाटे. १८३० मध्ये मुलगा झाला, सेबास्टियन. त्यानंतर मात्र तिची कूस रिकामीच राहिली. एक मूल मेलेलंच जन्माला आलं, पुढे एक गर्भ टिकला नाही. ज्या बाईनं असं सोसलं आहे, तिला ही दोन वाक्यं पुरेशी आहेत.

माहेरच्याच मोठ्या वाड्याच्या बागेकडच्या भागात हे जोडपं राहत असे. लाइपझिगर रस्त्यावर हा वाडा होता. आज त्या जागेवर जर्मनीच्या संसदेच्या एका सभागृहाची इमारत उभी आहे. बागेला लागून एक दालन होतं. तिथं फॅनीनं रविवारच्या मैफली भरवल्या. तिथं ती पियानो वाजवी, वादक-गायक जमवी, त्यांची तालीम घेई, स्वतः पुढे उभी राहून सगळा मेळ सांभाळी. ऐकायला बोलावलेली माणसं येत, कधीकधी शंभरावर. तिकीट नसे आणि वर्तमानपत्रात गवगवाही नसे. घराच्या उंबऱ्याआत जेवढं करता येईल तेवढं तिनं केलं. तिकिटं लावलेल्या जाहीर कार्यक्रमात ती वाजवायला बसली ती १८३८ मध्ये, मदतनिधीसाठी भरवलेल्या कार्यक्रमात, आणि तिथंही तिनं भावाची रचना वाजवली.

पण या मैफलींनीही एक पोकळी भरत नव्हती. १८३६ मध्ये तिनं एका कुटुंबमित्राला लिहिलं, की माझी गाणी कुणी ऐकत नाही, कुणी मागत नाही. आपल्या कामाबद्दल कुणी बरंवाईट बोललंच नाही, तर हळूहळू त्यातला आनंद जातो, आणि ते चांगलं आहे की वाईट हे ओळखायची आपली ताकदही जाते. मैत्रिणींनो, हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो. रोजची भाकरी करणाऱ्या बाईला कुणी कधी सांगत नाही, की आज छान झाली. मग तिलाच वाटायला लागतं, की यात काय मोठंसं.

१८३९ च्या सप्टेंबरात नवरा, मुलगा आणि फॅनी इटलीला निघाले. वर्षभर राहिले. बर्लिनचा हिवाळा कसा असतो, ते सांगायला हवं. डिसेंबरात तिथं सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. झाडांना पान राहत नाही. आभाळ दिवसेंदिवस राखाडी असतं. तिथून ती रोमच्या उजेडात गेली. तिथं तरुण फ्रेंच कलावंतांची वसाहत होती. त्यांच्यात शार्ल गुनो नावाचा एक होतकरू संगीतकार होता. ही मुलं तिच्याभोवती जमत, तिला तासन् तास वाजवायला लावत. चौतीस वर्षांच्या या बाईला आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसांनी कलावंत म्हणून मान दिला. तिनं कार्निव्हलचा दंगा पाहिला, ईस्टरचा आठवडा पाहिला, नेपल्सचा समुद्र पाहिला. मग १८४० च्या सप्टेंबरात ती परत बर्लिनला आली, पानगळीच्या तोंडावर.

पुन्हा तोच वाडा, तेच दालन, पुढे तोच हिवाळा. माहेरपणाहून परत येऊन चुलीपुढं बसलेल्या बाईच्या पोटात जसं होतं, तसंच तिला झालं असणार. त्यातून १८४१ च्या उत्तरार्धात ही बारा महिन्यांची वही जन्मली. नाताळची भेट म्हणून तिनं ती नवऱ्याला दिली. पुढे तिची एक सुबक प्रत केली. प्रत्येक महिन्याला वेगळ्या रंगाचा कागद, वर विल्हेल्मनं काढलेलं छोटं चित्र, आणि त्या महिन्याला साजेशा कवितेच्या ओळी. नवराबायकोनं मिळून केलेलं हे पंचांगच म्हणा ना.

आता वही उघडू या. जानेवारीला तिनं नाव दिलं आहे 'एक स्वप्न'. त्यात पुढे येणाऱ्या महिन्यांचे सूर अर्धवट, तुटक ऐकू येतात. अर्धवट झोपेत पुढच्या दिवसांची चाहूल लागावी तसे. फेब्रुवारीत रोमच्या कार्निव्हलची धांदल आहे, बोटं पट्ट्यांवरून पळतात. मार्च सुरू होतो खिन्न, आणि त्यातून ईस्टरचं एक जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं भजन हळूच वर येतं. एप्रिल लहरी. तिकडे एप्रिलची हवा लहरीपणाबद्दल प्रसिद्धच आहे, घडीत ऊन, घडीत गारा. मे म्हणजे वसंताचं गाणं. जून म्हणजे रात्री खिडकीखाली उभं राहून कुणी गावं तसं हळवं. जुलैमध्ये उन्हानं तहानलेली जमीन आहे, सूर जड आणि संथ. हा महिना ऐकताना आम्हाला आपला वैशाख आठवला. ऑगस्टमध्ये सुगी आहे, पेंढ्यांवर फुलांचा हार घालून काढलेली मिरवणूक.

सप्टेंबरचं नाव 'नदीकाठी'. डाव्या-उजव्या हातांतून पाणी एकसारखं वाहत राहतं आणि त्या वाहण्याच्या मधोमध एक उदास चाल चालते. पाणी तिच्यासाठी थांबत नाही. ऑक्टोबरमध्ये रानातली शिंगं वाजतात, शिकारीची हाळी येते. मग नोव्हेंबर. झाडं ओकीबोकी, वारा थंड, आणि सूर इतके सावकाश की पुढचा येतो की नाही असं वाटावं. थोड्या वेळानं तेच दुःख खवळून उठतं. डिसेंबर उघडतो बर्फाच्या भिरभिरीनं. सगळा पियानो गरगरतो. आणि ती भिरभिर शमल्यावर नाताळचं भजन ऐकू येतं, जे तिथल्या पोरासोरांना येतं. बारा महिने झाल्यावर शेवटी एक छोटा तुकडा आहे, 'उपसंहार'. त्यात सरलेल्या वर्षाला निरोप देणारं भजन आहे. तिथं ना जल्लोष आहे ना रडारड. माणूस दार लोटून घेतं तसं वर्ष संपतं.

यात दिलासा कुठं आहे, यावर आम्ही आपसात बरंच बोललो. नोव्हेंबरचं दुःख फॅनीनं गोड करून दाखवलेलं नाही. ते जसं आहे तसं आहे. पण ते नोव्हेंबरच्या पानावर आहे, आणि त्यानंतर डिसेंबरचं पान आहे. दुःखाला वर्षात एक जागा आहे आणि त्या जागेला हद्द आहे. शिवाय सगळ्यात अंधाऱ्या जागी ती नेमकं ओळखीचं भजन आणते. वारकऱ्यांना वाटेवर पाऊस गाठतो तेव्हा नवं गाणं कुणाला सुचत नाही, पाठ असलेला अभंगच तोंडात येतो. तसंच ते आहे. आणि जानेवारीच्या स्वप्नात पुढचे महिने आधीच ऐकू येतात, म्हणून जे काही येतं ते अगदीच अनोळखी वाटत नाही. बदल थांबवता येत नाही. त्याची ओळख करून ठेवता येते.

इथं दुसऱ्या एका वर्षाची गोष्ट सांगतो. रशियात चायकोव्हस्की नावाचा मोठा संगीतकार होऊन गेला. सेंट पीटर्सबर्गहून 'नुव्हेलिस्ट' नावाचं संगीताचं मासिक निघे. त्याच्या संपादकानं चायकोव्हस्कीला सांगितलं, की दर महिन्याला पियानोची एक रचना द्या. १८७६ साली वर्षभर, महिन्याला एक, अशा बारा रचना त्या मासिकात छापून आल्या. मार्चमध्ये चंडोल पक्षी, जुलैत कापणी करणाऱ्याचं गाणं, ऑगस्टमध्ये सुगी, ऑक्टोबरमध्ये पानगळ. वर्गणीदारांच्या घरी टपालानं अंक जाई. ज्या महिन्याची हवा खिडकीबाहेर, त्याच महिन्याचे सूर पियानोवर. किती घरांतल्या किती बायकांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी ते वाजवून मन रमवलं असेल. रचना सुंदरच आहेत, आजही जगभर वाजतात. पण कल्पना तीच, बारा महिने आणि बारा रचना. फॅनीची वही त्याच्या पस्तीस वर्षं आधीची. एकाचं वर्ष टपालानं घराघरात गेलं. दुसरीचं वर्ष कपाटात राहिलं.

अखेर १८४६ मध्ये फॅनीनं ठरवलं. बर्लिनचे प्रकाशक तिच्या रचना मागत होते, नवरा पाठीशी होता. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. जुलैमध्ये तिनं फेलिक्सला पत्र लिहिलं, की मी आता छापणार आहे. त्या पत्रात तिनं एक कबुली दिली आहे. चौदाव्या वर्षी मला वडिलांची जेवढी भीती वाटे, तेवढीच चाळिसाव्या वर्षी भावांची वाटते. चौदावं वर्ष म्हणजे त्या दागिन्याच्या पत्राचं वर्ष. सव्वीस वर्षं ते एक वाक्य तिच्या मनात बसून होतं. फेलिक्सचं उत्तर यायला महिना लागला, पण आलं. त्यानं शुभेच्छा दिल्या. मग गाण्यांचं पुस्तक निघालं, पियानोच्या रचनांचं निघालं, वर 'फॅनी हेन्सेल' हे नाव. बारा महिन्यांतला एक महिना, सप्टेंबर, थोडा बदलून तिनं त्यात घातला. बाकीचे पुढे कधीतरी काढू, असं तिच्या मनात असेलही.

१८४७ च्या सुरुवातीला क्लारा शुमान बर्लिनला आल्या होत्या. क्लारा म्हणजे लहानपणापासून जाहीर कार्यक्रमांत वाजवणाऱ्या, पुढे नवऱ्याच्या माघारी पियानोच्या कमाईवर मुलांना वाढवणाऱ्या. दोघींची चांगली गट्टी जमली. एकीच्या वडिलांनी तिला घडवलंच मुळी लोकांपुढे वाजवण्यासाठी, दुसरीला तेच वर्ज्य होतं. त्यांच्यात काय बोलणं झालं असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

१४ मे १८४७. पुढच्या रविवारच्या मैफलीची तालीम चालू होती. पियानो वाजवता वाजवता फॅनीचे हात बधिर झाले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच रात्री ती गेली. वय एक्केचाळीस. आदल्याच दिवशी तिनं एक गाणं लिहून पुरं केलं होतं. फेलिक्सला तो धक्का पेलला नाही. सहा महिन्यांच्या आत, ४ नोव्हेंबरला तोही गेला. दोघांच्या कबरी बर्लिनमध्ये शेजारी शेजारी आहेत.

तिच्या मागे साडेचारशेहून जास्त रचना राहिल्या. बहुतेक हातानं लिहिलेल्या, न छापलेल्या. घराण्याच्या कपाटांत, मग ग्रंथालयाच्या पेट्यांत त्या पडून राहिल्या. १९८९ साली जर्मनीतल्या कासेल शहरात, बायकांनी रचलेलं संगीतच छापणाऱ्या एका प्रकाशनानं 'वर्ष' छापलं. २००० साली ती रंगीत पानांची, चित्रांची प्रतही जशीच्या तशी छापून आली. तेव्हा कुठं लोकांना कळलं, की कागदाचा रंगसुद्धा या वर्षाचा भाग होता.

आणखी एक गोष्ट, आम्हा रेडिओवाल्यांच्या जिव्हाळ्याची. १८२८ मध्ये, बाविसाव्या वर्षी, फॅनीनं 'ईस्टर सोनाटा' नावाची पियानोची मोठी रचना केली होती. तिचा कागद हरवला. १९७० साली पॅरिसमध्ये तो सापडला. वर लिहिलं होतं 'एफ. मेंडेल्सोन'. सगळ्यांनी धरून चाललं, की एफ म्हणजे फेलिक्स. त्याच्याच नावानं ध्वनिमुद्रणही झालं. २०१० मध्ये अँजेला मेस या संशोधक बाईंनी मूळ कागद तपासला. अक्षर फॅनीचं निघालं. पानांवरचे आकडे तिच्या बर्लिनमधल्या एका वहीतून गळलेल्या पानांशी जुळले. ८ मार्च २०१७ रोजी, महिला दिनी, ही रचना लंडनमध्ये तिच्या नावानं वाजवली गेली आणि बीबीसी रेडिओवरून लोकांनी ती ऐकली. एक अक्षर पुसट राहिलं, तर काम भावाच्या खात्यावर जमा होतं. ते परत बाईच्या नावावर यायला चाळीस वर्षं आणि एक चिकाटीची संशोधक लागली.

तुम्ही म्हणाल, ही तर श्रीमंताघरची बाई. तिच्या घरी नोकरचाकर, तिला पाणी भरायला लागलं नाही, खुरपायला जावं लागलं नाही. खरं आहे. तिची दगदग आणि आपली दगदग एक नाही. पण 'हे तुझं काम म्हणजे हौस, खरं काम पुरुषाचं' हे वाक्य तिच्या वाड्यात जसं होतं, तसं आपल्या ओसरीवरही आहे. रानात राबते बाई, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, ते आपण सगळ्या जाणतो. जात्यावर हजारो ओव्या रचल्या गेल्या. त्यातल्या कितींवर रचणारीचं नाव आहे?

वडिलांनी ज्याला दागिना म्हटलं, त्यावरच फॅनी तगून राहिली. मूल गेलं, इटली सुटली, अंधारे महिने आले, तेव्हा तिनं पियानोचाच आधार घेतला. तिनं दिलासा स्वतःपुरता शोधला, तो पुढे आपल्यापर्यंत आला. पण अध्यात दीडशे वर्षं ज्यांना तो मिळू शकला असता, त्यांना मिळाला नाही. त्यात कितीतरी बायका असतील.

म्हणून आमचं एक मागणं आहे. बचत गटाच्या वहीत आपण पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली तो दिवस आठवा. हात थरथरत होता, पण नाव उमटलं. आता तशीच एक दुसरी वही करू. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आईची, सासूची, आजीची येत असेल ती ओवी म्हणावी. ज्या महिन्याची असेल त्या महिन्याच्या पानावर ती लिहावी. श्रावणाची श्रावणात, सुगीची सुगीत. आणि खाली तिचं नाव घालावं, पूर्ण नाव, गावासकट. रचणारीचं नाव ठाऊक नसेल तर जिच्या तोंडून ऐकली तिचं घालावं. अक्षर कसंही असो. वही भरली की आम्हाला कळवा. आम्ही माईक घेऊन येऊ, आणि ओवी म्हणण्याआधी ते नाव रेडिओवरून घेऊ.

आता बाहेर पाऊस उघडला आहे, ओढा अजून वाहतो आहे. तेव्हा फॅनी हेन्सेल यांचा 'सप्टेंबर' ऐकू या. हातातलं काम चालू ठेवलं तरी चालेल. पुढच्या आठवड्यात याच वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.